फाब्रियानो : तावाची किंमत आणि वाटखर्च

जलरंगात काम करणाऱ्या किंवा सुलेखन शिकणाऱ्या कोणाच्याही घरी एक तरी पॅड असं सापडतं, ज्याच्या पुठ्ठ्यावर ‘फाब्रियानो’ हे नाव असतं. ते कंपनीचं नाव आहे एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. ते एका गावाचंही नाव आहे आणि तिथे तेराव्या शतकापासून कागद बनतो, हे कळलं की लगेच पुढचा प्रश्न येतो : जाऊन यायला किती लागतील?

उत्तर आधी देतो. केवळ याच गावासाठी मुंबईहून निघालात, एक रात्र रोम आणि तीन रात्री फाब्रियानो असा बेत केला, तर दोघांच्या जोडीत माणशी सव्वा ते दीड लाख रुपये. इटलीची दहा-बारा दिवसांची सहल ठरलेलीच असेल आणि त्यात हे तीन दिवस घुसवायचे असतील, तर माणशी वाढीव खर्च पस्तीस ते चाळीस हजार. त्याच तीन रात्री रोममध्ये काढल्या असत्या तर याहून जास्त गेले असते. एवढ्यासाठीच इटलीला जा असं मी म्हणणार नाही, पण इटलीला जाणारच असाल तर हे गाव टाळण्याचं कारण पैसा हे नसावं.

हिशोबाला १ युरो म्हणजे १०० रुपये धरले आहेत. तोंडी गुणाकाराला सोपं जातं म्हणून. प्रत्यक्षात युरो शंभराच्या वर असतो, त्यामुळे खालच्या युरोतल्या प्रत्येक आकड्यावर मनातल्या मनात दहा टक्के चढवा. खोल्या, जेवण आणि कागदाचे भाव अंदाजाने दिले आहेत. ते हंगामाप्रमाणे हलतात, तेव्हा निघण्याआधी एकदा ताडून पाहा.

गाव कुठे, कसं

फाब्रियानो इटलीच्या मार्के प्रांतात, अँकोना जिल्ह्यात आहे. अपेनाइन डोंगरांच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२५ मीटरवर. चित्रांत दिसतात तशी डोंगरमाथ्यावर चिकटलेली गढी मात्र डोळ्यांपुढे आणू नका. गाव खोऱ्यात आहे, भोवती डोंगर आहेत आणि मधून जानो नावाची छोटी नदी जाते. कागदाच्या धंद्याला पाणी लागतं, तेव्हा ते खाली नदीकाठी असणं साहजिकच. वस्ती तीस हजारांच्या आसपास. शिवाय हे नुसतं जुनं, शोभेचं गाव नाही. धुलाईयंत्रं आणि पाणी तापवायचे बंब बनवणारा इंदेसित-अरिस्तोन हा उद्योग इथल्याच मेर्लोनी घराण्याने उभारलेला. म्हणजे गाव कामगारांचं, आणि त्याचा थेट फायदा तुमच्या जेवणाच्या बिलात दिसतो. त्याबद्दल पुढे.

कागद पाहायला अमाल्फीलाही जाता येतं. तिथेही जुनी कागदगिरणी आणि संग्रहालय आहे, समोर निळा समुद्र आहे. पण हंगामात अमाल्फीच्या एका रात्रीच्या भाड्यात फाब्रियानोत दोन-तीन रात्री निघतात. समुद्र हवा की कागद, हे ज्याचं त्याने ठरवावं.

घराबाहेर पडण्याआधीचे पैसे

सर्वात मोठा आकडा विमानाचा. मुंबई-रोम जाऊन-येऊन, वाटेत आखातात कुठेतरी विमान बदलून, आधी तिकीट काढलं तर पंचावन्न ते पंचाहत्तर हजार. मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी या दोन वेळांना हाच आकडा सहज वर जातो. इटलीला जायला चांगले दिवस म्हणजे एप्रिलअखेर ते मध्य जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. शाळेत जाणारं मूल घरात नसेल तर सप्टेंबर पकडा.

शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. त्यावर अर्ज घेणाऱ्या केंद्राची सेवाफी येते. केंद्रात झेरॉक्स, फोटो, कुरिअर, आरामखोली अशा ‘सोयी’ पुढे केल्या जातात. त्या ऐच्छिक असतात, हे लक्षात ठेवून नाही म्हणा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा लागतो. आठ-दहा दिवसांसाठी तो हजार ते अडीच हजारांत मिळतो. व्हिसा, फी आणि विमा मिळून माणशी चौदा हजार धरा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो शेवटच्या महिन्यावर ढकलला की विमानाचं तिकीटही लांबतं आणि महागतं.

मग कार्डाची गंमत. आपली बहुतेक क्रेडिट कार्डं परकीय चलनातल्या व्यवहारावर साडेतीन टक्के लावतात आणि त्या साडेतीन टक्क्यांवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. मिळून ४.१३ टक्के. सत्तर हजार रुपये कार्डावर उडवलेत तर जवळजवळ २,९०० रुपये नुसते या वाटेने गेले. एवढ्यात कापसाच्या उत्तम कागदाचे तीन-चार ताव येतात. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड किंवा परदेशी व्यवहारावर आकार न लावणारं कार्ड न्या. दुकानदाराच्या यंत्राने ‘रुपयांत देणार की युरोत’ असं विचारलं तर युरो. रुपये निवडलेत की विनिमयाचा दर त्या यंत्रामागचा माणूस ठरवतो, आणि तो तुमचा नातेवाईक नसतो.

रोम ते फाब्रियानो

रोम-अँकोना हा लोहमार्ग थेट फाब्रियानोतून जातो. ओर्ते, तेर्नी, स्पोलेतो, फोलिन्यो असं करत अडीच ते तीन तासांत गाडी पोचते. प्रादेशिक गाडीचं तिकीट साधारण १५ ते २० युरो. या गाड्यांची मोठी सोय म्हणजे दर ठरलेला असतो. दोन महिने आधी काढा किंवा त्याच सकाळी काढा, सारखाच. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे भाव मात्र विमानासारखे चढतात-उतरतात. आपल्याकडे साठ दिवस आधी आरक्षणाला बसायची सवय असल्यामुळे लोक या प्रादेशिक तिकिटांसाठीही घाई करतात. त्याने काही वाचत नाही, फक्त हात बांधले जातात.

एक शिस्त मात्र पाळायची. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. मोबाइलवरचं असेल तर त्यात चेक-इन करायचं. पैसे भरलेलं तिकीट खिशात असूनही शिक्का नसला तर दंड होतो, आणि तो तिकिटाच्या कित्येक पट असतो.

रोमच्या फ्युमिचीनो विमानतळावरून तेर्मिनी स्थानकाला जाणारी लेओनार्दो एक्स्प्रेस १४ युरो घेते. ८ युरोंची साधी लोकल तिबुर्तीना स्थानकाला जाते. तुमची अँकोनाची गाडी तिबुर्तीनाला थांबत असेल तर ८ युरोंत काम होतं. वेळापत्रकात तेवढं पाहून घ्या. या मार्गावर दुहेरीकरणाची कामं चालू असतात आणि त्यासाठी काही काळ गाडीऐवजी बस सोडली जाते. निघण्याच्या आठवड्यात एकदा तपासणं बरं.

गाडी भाड्याने घ्यायचा मोह होईल. आरटीओतून एक हजार रुपयांत आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो आणि इटलीत तो लागतोच. पण फाब्रियानोत स्थानकापासून जुनं गाव चालत गाठता येतं. चारचाकीचे दिवसाला ४०-७० युरो, त्यावर पेट्रोल, त्यावर जुन्या गावाच्या बंदी असलेल्या भागात चुकून शिरल्याचा दंड घरी पोस्टाने येतो. या तीन दिवसांसाठी मी तरी गाडी घेणार नाही.

राहणं आणि जेवण

दोघांची खोली, न्याहारीसकट, ६० ते ९० युरो. थोडं बरं हॉटेल ८० ते १२०. गावाबाहेरच्या शेतघरात राहायचं असेल तर भाव याच पट्ट्यात येतो, पण मग वाहन लागतं. इटलीत पुष्कळ ठिकाणी माणशी, रात्रीमागे पर्यटक कर हॉटेलात वेगळा घेतात. रोममध्ये तीन-चार तारांकित हॉटेलात तो ६ ते साडेसात युरो आहे. लहान गावांत असलाच तर एखाद-दोन युरो. ऑनलाइन दिसणाऱ्या भाड्यात तो बहुधा धरलेला नसतो.

दोन वेळा खोल्या महाग होतात किंवा मिळतच नाहीत. एक म्हणजे जूनमध्ये संत जॉनच्या सणाचा ‘पालिओ’, ज्यात गावचे चार दरवाजे म्हणून ओळखले जाणारे मोहल्ले एकमेकांशी भिडतात आणि लोहारकामाची चढाओढ लागते. दुसरी वेळ वसंतातल्या आंतरराष्ट्रीय जलरंग मेळ्याची. तिथे भारतीय जलरंगकारही जातात. चित्रकार असाल तर मेळा गाठा, नसाल तर चुकवा. १५ ऑगस्टच्या आगेमागे निम्मा इटली सुट्टीवर असतो, तेव्हा तर जाऊच नका.

दुपारच्या जेवणाबाबत कामगारवस्तीचा फायदा असा की, कामाच्या दिवशी बऱ्याच साध्या खानावळींत ‘प्रांत्सो दी लावोरो’ म्हणजे कामकऱ्यांचं ठरलेलं जेवण असतं. एक पास्ता, एक दुसरा पदार्थ, भाजी, पाणी, कधी कॉफीसुद्धा, १२ ते १८ युरोंत. तेच जेवण रात्री पदार्थवार मागवलंत तर २५-३०. म्हणून पोटभर जेवण दुपारी करायचं आणि रात्री ६-१० युरोंचा पिझ्झा, हे गणित बरं. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दीड ते तीन युरो दिसतील. ते टेबलाचे आणि पावाचे पैसे असतात, त्यावरून वाद घालू नका. टिप देण्याची सक्ती नाही. कॉफी उभ्याने प्यायलात तर सव्वा-दीड युरो, बसलात तर कधी दुप्पट.

शाकाहारी मंडळींनी थोडं सावध राहावं. मार्केची प्रसिद्ध ‘विन्चिसग्रासी’ ही लझान्यासारखी दिसणारी थप्पी मांसाची असते. ‘ओलिवे अस्कोलाने’ म्हणजे तळलेले ऑलिव्ह, दिसायला बटाटेवड्याची पिल्लं, पण आत खिमा. भाजीचं सूपही मांसाच्या रश्श्यात शिजवलेलं असू शकतं. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा ब्रोदो’ (मांस नको, मांसाचा रस्सा नको) एवढं पाठ करून जा. भरवशाचा पदार्थ म्हणजे ‘क्रेश्या’, तव्यावरची जाडसर पोळी. आत रानभाजी किंवा चीज घालून चार-सहा युरोंत मिळते. फक्त पोळीच्या पिठात डुकराची चरबी घातलेली नाही ना, हे विचारायचं. याच जिल्ह्यातल्या सेर्रा दे कोन्ती गावची ‘चिचेर्क्या’ ही डाळ मिळाली तर जरूर खा. ती दुसरीतिसरी काही नसून आपल्या विदर्भातली लाखोळी आहे. तिथे तिचं कौतुक करून पुडीवर गावाचं नाव छापतात. मांसाहारी असाल तर फाब्रियानोचं सलामी प्रसिद्ध आहे : बिनचरबीच्या मांसात चरबीचे पांढरे चौकोन दिसतात, ती त्याची ओळख.

कागदाचं घर

ज्यासाठी एवढी पायपीट, ते ‘कागद आणि जलचिन्ह संग्रहालय’ संत दोमिनिकच्या जुन्या मठात आहे. प्रवेश साधारण दहा युरोंच्या आत-बाहेर धरा. सोमवारी बंद, आणि दुपारी मध्ये दीड तास दार ओढलेलं असतं. लोक रविवारी रात्री पोचतात, सोमवारी बंद दाराशी फोटो काढतात आणि मंगळवारी सकाळच्या गाडीने निघतात. तीन रात्रींच्या मुक्कामात एकही पूर्ण दिवस सोमवारचा येणार नाही असा बेत करा.

पैसे कशाचे मोजतो आहोत, हे आधी कळलं तर ते दहा युरो वसूल होतात. कागद चीनमधून अरब जगात आला, तिथून युरोपात. अरबी पद्धतीच्या कागदाला पिठाची खळ दिलेली असे. खळीला बुरशी लागते, किडे लागतात. म्हणूनच १२३१ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सरकारी दस्तऐवज कागदावर लिहायला मनाई केली आणि ते चर्मपत्रावरच हवेत असं फर्मावलं. फाब्रियानोच्या कारागिरांनी खळीच्या जागी जनावरांच्या कातड्याच्या तुकड्यांपासून काढलेला सरस आणला. सरसात बुडवून वाळवलेला ताव शाई फुटू देत नाही आणि टिकतो. कातडी कमावणारे गावातच होते, त्यामुळे कच्चा माल शेजारच्या आळीतून येई. दुसरा बदल चिंध्या कुटण्यात झाला. हाताने उखळात कुटण्याऐवजी पाण्याच्या चाकावर चालणारे, खाली खिळे ठोकलेले लाकडी हातोडे ओळीने बसवले. संग्रहालयात हा हातोड्यांचा संच पाहायला मिळतो, तिथे जरा थांबा. तिसरा बदल जलचिन्हाचा. साच्याची जाळी गवताच्या काड्यांऐवजी धातूच्या तारेची झाली, आणि मग त्या जाळीवर तारेचीच आकृती शिवता येऊ लागली. जिथे तार तिथे लगदा पातळ बसतो, आणि ताव उजेडाकडे धरला की आकृती दिसते. तेराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही खूण आधी कारखान्याची सही होती. पुढे तीच नोटांची राखणदार झाली, आणि इटलीच्या नोटांचा कागद इथल्याच मिलियानी गिरणीत बनू लागला. पिएत्रो मिलियानीने ती १७८२ मध्ये उभी केली होती.

प्रात्यक्षिकात तीन माणसांची नावं ऐकू येतील. कुंडातून साच्याने लगदा उचलणारा ‘लावोरेन्ते’, ओला ताव लोकरी नमद्यावर उलटा टेकवणारा ‘पोनितोरे’, आणि दाबून पाणी काढल्यावर नमद्यावरून ताव सोडवणारा ‘लेवातोरे’. उजेड-छायेचं जलचिन्ह कसं करतात तेही पाहा. मेणाच्या पातळ थरावर मागून उजेड घेऊन चित्र कोरतात, त्यावरून धातूचा ठसा करतात आणि त्या ठशाने तारेची जाळी दाबून उंचसखल करतात. मेण कोरणाऱ्याची चूक शेवटच्या तावात दिसते, तोवर कोणालाच कळत नाही.

स्वतः ताव उचलायचा असेल तर कार्यशाळा असतात : काही मिनिटांच्या चवीपासून कित्येक तासांच्या शिकवणीपर्यंत. दर त्याप्रमाणे. छोट्याला किरकोळ, पूर्ण दिवसाच्या शिकवणीला दहापट किंवा अधिक मोजायची तयारी ठेवा. नुसतं जाऊन उभं राहिल्याने जागा मिळतेच असं नाही. महिनाभर आधी ईमेल करा आणि चार गोष्टी स्पष्ट विचारा. शिकवणारा इंग्रजी बोलेल का? किमान किती माणसं लागतात, आणि तेवढी जमली नाहीत तर पैसे परत की तारीख बदलून? प्रवेशशुल्क दरात धरलं आहे का? आणि चौथा प्रश्न, जो कोणी विचारत नाही : मी केलेला ताव मला कोरडा मिळेल का? ओला कागद घेऊन गाडीत बसता येत नाही. मोठी कार्यशाळा मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी करा. म्हणजे वाळायला दोन रात्री मिळतात.

कार्यशाळेच्या पैशाबाबत माझं मत स्पष्ट आहे. जो कागदावर काम करतो त्याने मोठी घ्यावी. जो ‘एक वेगळा अनुभव’ म्हणून जातो त्याला प्रवेशातलं प्रात्यक्षिक आणि छोटी चव पुरे. आणि लगद्यात हात घालायचा हा सोस आपल्याला खरोखर आहे का, हे आधी स्वस्तात तपासून पाहा. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावर कागजीपुरा आहे, जिथल्या कागदाचं मूळ तुघलकाच्या काळापर्यंत सांगतात. दख्खनचा कागद आणि फाब्रियानोचा कागद एकाच अरबी-इराणी घराण्यातून निघालेले चुलतभाऊ. आपल्याकडे साचा गवताच्या काड्यांचा राहिला आणि खळ राहिली, तिकडे तार आणि सरस आला. एसटीच्या तिकिटात धाकटी पाती पाहून घेतली की दहा युरोंच्या तिकिटात थोरली जास्त कळते.

काय विकत घ्यावं, काय नाही

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. ‘फाब्रियानो’ छापलेली प्रत्येक वही हातकागदाची नसते. तो एक मोठा कारखानदारी ब्रँड आहे आणि २००२ पासून वेरोनाच्या फेद्रिगोनी कंपनीच्या मालकीचा आहे. याच कंपनीने २०२४ मध्ये झेरॉक्सच्या कागदाचं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, दोनशेच्या आसपास कामगारांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या आणि गावात मोर्चे निघाले. तुम्ही रोमच्या झगमगीत दुकानातून घेतलेली चामडी बांधणीची डायरी आणि संत दोमिनिकच्या मठातला कुंडावरचा ताव यांचा संबंध नावापुरता आहे.

कागद तीन जातींचा समजा. यंत्रावरचा, साच्याच्या फिरत्या सिलिंडरवरचा आणि हाताचा. चित्रकारांचा लाडका ‘आर्तिस्तिको’ हा मधल्या जातीचा, शंभर टक्के कापसाचा. ५६ × ७६ सेंटीमीटरचा ३०० ग्रॅमी ताव तिकडे साधारण ६ ते ९ युरोंना पडतो. हाच ताव मुंबई-पुण्याच्या मोठ्या चित्रसाहित्याच्या दुकानांत मिळतो, आणि भावातला फरक तो वाहून आणण्याइतका नसतो. निघण्यापूर्वी इथला भाव फोनमध्ये लिहून ठेवा. तिथे उभं राहिल्यावर मन भुलतं.

वजनाचं गणित घरीच करता येतं. तावाचं क्षेत्रफळ ०.४२५६ चौरस मीटर, गुणिले ३०० ग्रॅम, म्हणजे एक ताव १२८ ग्रॅमचा. दहा ताव सव्वा किलोच्या थोडे वर. ६४० ग्रॅमी घेतलेत तर दहाचे पावणेतीन किलो. विमानात जादा किलोचा दर लागला की स्वस्त ताव महाग होतो. शिवाय ७६ सेंटीमीटरचा ताव हातातल्या बॅगेत मावत नाही. अर्धा करून (३८ × ५६) मोठ्या सुटकेसच्या तळाशी, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवा. नळीत गुंडाळून आणता येतो, पण जाड ताव मग आठवडाभर आपलं वळण सोडत नाही.

म्हणून तिथून आणावा तो हाताचा ताव, जो इथे मिळत नाही. भाव मोठा वाटेल, पण दोन-चारच घ्यायचे असतात. घेताना चारही कडा पाहा. हाताच्या तावाच्या चारही कडा झिरझिरीत असतात. सिलिंडरच्या कागदाच्या बहुधा दोनच नैसर्गिक असतात, बाकीच्या दोन फाडलेल्या किंवा कापलेल्या. जलचिन्ह उजेडाकडे धरून पाहा. खरं असेल तर ते कागदाच्या अंगात दिसतं आणि ताव आडवा धरला की जवळजवळ नाहीसं होतं. आडव्या उजेडात जास्त चमकणारी आकृती छापलेली किंवा वरून दाबलेली असते. त्यातही वाईट काही नाही, फक्त तिचे पैसे खऱ्या जलचिन्हाचे देऊ नका. उजेड-छायेच्या जलचिन्हाचे, एखादा चेहरा असलेले ताव भेट द्यायला उत्तम. वजन नाही, फुटत नाहीत.

सरस प्राणिज असतो, म्हणून काहीजणांना तो नको असतो. आजच्या आर्तिस्तिकोत प्राणिज घटक वापरत नाही असं कंपनी सांगते. जुन्या पद्धतीच्या हातकागदाबाबत दुकानात सरळ विचारा.

एकाच दुकानातून एका वेळी ७० युरोंपेक्षा जास्त खरेदी झाली तर युरोपबाहेरच्या पाहुण्याला विक्रीकर परत मिळू शकतो. ही मर्यादा आधी दीडशेच्या वर होती, फेब्रुवारी २०२४ पासून खाली आली. कर २२ टक्के असला तरी मधल्या कंपनीचा वाटा जाऊन हातात बरंच कमी येतं, बारा-पंधरा टक्क्यांच्या आसपास. दुकानात ‘टॅक्स फ्री’ पाटी आहे का ते आधी पाहा, पासपोर्ट दाखवा, फॉर्म घ्या आणि विमानतळावर सामान देण्यापूर्वी कस्टमकडून तो मंजूर करून घ्या. दोघांनी वेगवेगळी बिलं करून चाळीस-चाळीसची खरेदी केली तर काहीच मिळत नाही, हे दुकानातच ठरवायचं.

उरलेला दिवस

गावात पायी फिरायला पैसे लागत नाहीत. चौकातलं १२८५ चं स्तुरिनाल्तो कारंजं, त्यामागे १२५५ चा पोदेस्ता वाडा. या गावाचं नाव चित्रकलेत नेणारा जेंतीले दा फाब्रियानो, त्याचं १४२३ चं राजांच्या भेटीचं मोठं चित्र मात्र फ्लोरेन्सच्या उफिझीत आहे. इथे शोधू नका. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, तेव्हा जेवण लांबवा.

एक दिवस फ्रासास्सीच्या गुहांना द्या. फाब्रियानोहून अँकोनाकडे जाणाऱ्या गाडीने जेंगा-सान वित्तोरे स्थानकावर उतरायचं, दोन-तीन युरोंचं तिकीट. गुहांची तिकीटखिडकी स्थानकापासून जवळ, प्रवेश वीस युरोंच्या घरात, सव्वा तासाची फेरी वाटाड्यासकट. १९७१ मध्ये सापडलेल्या या गुहेच्या पहिल्या दालनात मिलानचं अख्खं कॅथेड्रल मावेल असं सांगतात. आत बाराही महिने १४ अंश असतं. भर उन्हाळ्यातही स्वेटर न्या, नाहीतर तिथे जॅकेट विकत घ्यावं लागेल आणि ते कागदाहून महाग पडेल.

तीन रात्रींची दोघांची गोळाबेरीज अशी होते : राहणं २२५ युरो, जेवण २४०, रोमहून जाणं-येणं ७०, संग्रहालय २०, गुहा प्रवासासकट ५०, कागद १००. मिळून ७०५. म्हणजे सत्तर हजार, दहा टक्के चढवून सत्त्याहत्तर. कार्यशाळा यावर वेगळी. कागदासाठी निघालेल्या माणसाच्या या हिशोबात कागद सातव्या हिश्श्याएवढा आहे, आणि विमान धरलं तर त्याहून कितीतरी कमी.

घरी आल्यावरची एक गोष्ट राहिली. सरस दिलेला कापसाचा कागद मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बुरशी धरतो, तपकिरी ठिपके पडतात. बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवू नका. ताव सपाट, आम्लरहित कागदात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या दीडशे रुपयांत डझनभर येतात. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा बदला. लखलखीत ऊन पडलं की ताव पंख्याखाली तासभर पसरा, पण थेट उन्हात ठेवू नका.